मन घट्ट कर

दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे जे मोकळं मैदान आहे, तिथे सकाळी पोट्टे आणि पोट्ट्या धावताना दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी वनरक्षक व्हायचं म्हणून, कोणी सैन्यात जायचं म्हणून. त्यांना धाववणारा माणूस अमर गावंडे. तो शाळेत खेळाचा शिक्षक होता. नोकरी सांभाळून त्याने ही अकादमी काढली, आणि आजूबाजूच्या गावांतल्या आईबापांनी आपली पोरं डोळे मिटून त्याच्या हवाली केली. गावंडे सरांच्या हाताखालून गेलेलं पोर रिकाम्या हाताने घरी येत नाही, असा तालुक्यात बोलबाला होता.

त्याची पारख करायची रीत न्यारी होती. नवीन पोर आलं की तो त्याला आधी धावायला लावत नसे. सगळ्यांसमोर उभं करायचा आणि त्याचा असा पाणउतारा करायचा की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. "तुह्यासारखे कित्येक आले अन् वावरात परत गेले. कायले आईबापाची भाकर नासवतं?" असं काहीबाही. बोलताना तो पोराच्या डोळ्यांकडे पाहायचा. डोळे कोरडे राहिले की खांद्यावर थाप मारून रांगेत घ्यायचा. डोळे भरले की म्हणायचा, "पाय तं कोनाचेही तयार होतात. मन कच्चं असलं तं सारं वाया. रडायचं असंन तं घरी रडून ये, मैदानात नाही." काही पोरं दुसऱ्या दिवशी येतच नसत. अमरला त्याचं वाईट वाटत नसे. चाळणी लावली की कोंडा निघणारच, एवढंच तो म्हणायचा.

आणि मन पक्कं म्हणजे कसं, हे सांगायची वेळ आली की तो आपल्या लेकीचं नाव घ्यायचा. वैष्णवीचं.

वैष्णवी आठवीत असताना तिची आई गेली. कुंदाला रक्ताचा कॅन्सर निघाला, नागपूरला नेलं, आणि तिथून ती परत आली ती गाडीत आडवी होऊनच. घरात बाप आणि लेक उरले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अमरने लेकीला उठवलं. "बूट घाल," म्हणाला. पोरीने मुकाट्याने बूट घातले. मैदानावर ती इतरांसोबत धावली, आणि कोणाच्या मागे पडली नाही. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही आलं. बाप असावा तर असा, आणि लेक असावी तर अशी, हे वाक्य तेव्हापासून दिग्रसमध्ये चालू झालं. अमरने ते इतक्यांदा ऐकलं की त्याला ते देवळातल्या पाटीसारखं कायमचं कोरलेलं वाटू लागलं.

पुढे वैष्णवी पोलिसात लागली. पांढरकवड्याला नेमणूक झाली. नागपूर-हैदराबाद हायवे गावाला लागूनच, त्यामुळे ठाण्याला अपघातांचं काम बारमाही. पहिल्या पगाराचे पेढे अमरने अख्ख्या मैदानाला वाटले. तिचा वर्दीतला फोटो मोठा करून अकादमीच्या खोलीत लावला. नवीन आलेल्या पोरांना तो आधी तो फोटो दाखवायचा.

त्या वर्षी दिवाळीला ती दोन दिवसांची सुट्टी काढून घरी आली. थोडी वाळल्यासारखी दिसत होती. अमरने मनाशी म्हटलं, मेसचं जेवण. सकाळी तो अंगणात चहा पीत बसला होता, तर ती येऊन शेजारी टेकली. म्हणाली, "बाबा, मले आजकाल झोप येत नाही."

"ड्यूट्या बदलत असंन."

"तसं नाही. मागं हायवेवर एक अपघात झालता. आम्ही गेलतो. गाडीत एक लहान पोरगी होती, ते..."

अमरने कप खाली ठेवला. का कोण जाणे, त्याला ते पुढे ऐकायचं नव्हतं. सणाचा दिवस, दारात रांगोळी, आणि लेकीच्या आवाजात काहीतरी ओलं. ते ओलं वाढू नये म्हणून तो घाईने बोलला. "पोलिसात हे राहतेच, बाई. तू पहिली आहे का? मन घट्ट कर. आपण इतकं सारं कायले शिकलो मंग?"

"हो," वैष्णवी म्हणाली.

"अन् ऐक, आज पोट्ट्यांसमोर दोन शब्द बोल. मनोबल कसं वाढवावं, ह्याच्यावर. तुह्यापेक्षा चांगलं कोण सांगन?"

ती नाही म्हणाली असती तर? हा प्रश्न अमरने नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारला. पण बापाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि ती सवय तिला कोणी लागू दिली नव्हती हेही तितकंच खरं. ती मैदानावर गेली. ताठ उभी राहून बोलली. डोळ्यांत पाणी आलं की समोरच्याला आपलं कच्चेपण कळतं, म्हणून येऊ द्यायचं नाही. दुःख आलं की त्याच्याकडे पाठ करून धावायचं, ते मागे पडतं. सगळी वाक्यं अमरचीच होती. तिच्या तोंडून ती अधिक धारदार लागली. पोरांनी टाळ्या पिटल्या. एका पोरीने वाकून तिच्या पायांना हात लावला, तशी वैष्णवी दोन पावलं मागे सरली. अमर कडेला उभा होता. त्याची छाती भरून आली होती. माणसाची चूक कधी कधी त्याच्या अभिमानाचे कपडे घालून समोर येते, आणि मग ती ओळखू येत नाही.

घरी आल्यावर ती जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली. दुपारच्या बसने गेली. बस सुटताना खिडकीतून तिने बापाकडे पाहिलं, आणि अमरने मूठ वळून दाखवली, भरतीच्या शर्यतीआधी दाखवायचा तशी.

पुढच्या महिन्यात त्याला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तो शाळेत होता.

"काका, मी निशिगंधा बोलून राह्यली. वैष्णवीसोबत रूमवर राहते, ठाण्यातच आहे मीबी. तुम्ही येता का इकडे?"

"काय झालं?"

"ती ड्यूटीवर जाऊन नाही राह्यली. पडूनच राहते. जेवत नाही. साहेबांनी आजारपणाची रजा टाकून दिली, पण... मले भेव लागते काका. तिले एकटं सोडून मी ड्यूटीवर कशी जाऊ?"

"ताप आहे का तिले?"

"नाही."

"मंग?"

खरं सांगायचं तर अमरला पहिल्यांदा आला तो राग. हातपाय धड असताना पोर अंथरुणात पडते? गावंडे सरांची पोर? शाळेतून रजा टाकताना मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर त्याने पाहुण्यांकडे काम आहे म्हणून सांगितलं. दिग्रसहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणीला आलेला होता, बाया कमरेला ओटी बांधून ओळीने वाकलेल्या होत्या. अमर सगळ्या रस्ताभर लेकीला काय बोलायचं ते मनात घोळवत होता, आणि ते सगळं बोलणं मैदानावरचंच होतं.

रूम पहिल्या मजल्यावर होती. दार निशिगंधाने उघडलं. ठेंगणीशी, गोल चेहऱ्याची पोरगी. ड्यूटीवरून आली तशीच वर्दीत होती. आत वैष्णवी भिंतीकडे तोंड करून निजलेली. केसांच्या जटा झाल्या होत्या. बापाचा आवाज ऐकून ती वळली आणि धडपडत उठून बसली, चोरी करताना सापडल्यासारखी.

"बाबा, तुम्ही कायले आले? मी बरी आहे."

अमर उभाच होता. रस्ताभर जुळवलेल्यातलं सवयीचं तेवढं बाहेर पडलं. "ऊठ," तो म्हणाला. "बूट घाल. एक चक्कर मारून येऊ. घाम आला की सारं ठीक होते."

आणि वैष्णवी उठली. हेच अमरला पुढे कधी विसरता आलं नाही. ती नाही म्हणाली नाही, रडली नाही, चिडली नाही. भिंतीला धरून उठली, कोपऱ्यातले बूट ओढले, खाली बसून पाय आत घातले. नाडी बांधायला गेली तर बोटं जुळेनात. एकदा बांधली, सुटली. पुन्हा बांधायला घेतली. बाप बघतो आहे म्हणून ती घाई करू लागली, तशी बोटं आणखीच थरथरू लागली.

"काका, बस करा," निशिगंधा हळूच म्हणाली. ती खाली बसली आणि वैष्णवीचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत धरून ठेवले. "नाही जायचं कुठी. बस, नाही जायचं."

वैष्णवीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तोंडातून आवाज न काढता ती हलू लागली. अमरने आपल्या लेकीला रडताना लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर. आपण कुठे उभं राहावं, हातांचं काय करावं, त्याला कळेना. तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली हायवेवरून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकासरशी खिडकीची तावदानं थरथरत होती, आणि ही पोर रोज हाच आवाज ऐकत निजते, हे त्याच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला यवतमाळला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाव निशिगंधानेच ठाण्यात कोणाला तरी विचारून काढलं होतं. डॉक्टर अनघा म्हणून एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, यवतमाळच्याच, वकिलांच्या घरातल्या. वैष्णवीशी त्या पुष्कळ वेळ एकट्या बोलल्या. मग तिला बाहेर बसवून अमरला आत बोलावलं.

"तुमची मुलगी खंबीर आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. म्हणजे होती. लहानपणापासून."

"कशावरून म्हणता?"

अमरने सांगितलं. कुंदाचं आजारपण, तेरवी, दुसऱ्या दिवशीचं मैदान. हजारदा सांगितलेली गोष्ट होती, जिभेवर आपोआप चालत होती. सांगताना आवाजही तोच लागला, फोटोसमोर लागायचा तो. पण आज समोर पोट्टे नव्हते. बाई नुसत्या ऐकत होत्या, मान डोलावत नव्हत्या. गोष्ट संपता संपता अमरला आपलाच आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटू लागला.

"तेव्हा ती कोणाजवळ रडली?"

"रडली नाही."

"आणि तुम्ही?"

"मी रडलो असतो तं तिचं काय झालं असतं, मॅडम?"

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती. "त्या दिवशी सकाळी तुम्ही मैदानावर का गेलात? तिच्यासाठी?"

अमर उत्तर द्यायला गेला. त्याला ते घर आठवलं. दोरीवर कुंदाचं लुगडं तसंच टांगलेलं होतं, ते कोणी काढलं नव्हतं. स्वयंपाकघरात तिने भरून ठेवलेले डबे होते. त्या घरात त्याला श्वास घेता येत नव्हता. तो पळाला होता, आणि पळताना लेकीला हाताला धरून सोबत ओढून नेलं होतं. इतक्या वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"घरात राहवत नव्हतं," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "मार बसल्यावर आवाज न करणं तिला छान येतं. मार सोसता येणं ही दुसरी गोष्ट आहे, सर. ती तिला आता शिकावी लागेल. शिकता येते, कोणत्याही वयात येते. औषधं देते, झोप लागेल. पण वेळ जाईल. आणि तिला घाई करू नका."

स्टँडवर आल्यावर अमर दिग्रसच्या बसची चौकशी करायला निघाला, तशी वैष्णवी म्हणाली, "बाबा, मी आत्याकडे जाते. ढाणकीले."

विमलताई ही अमरची मोठी बहीण. ढाणकीला तिचं शेत, घर, दोन म्हशी. "आत्याकडे कायले?" अमर म्हणाला. "आपलं घर आहे ना. मी रजा काढतो. पोळ्या टाकता येतात मले."

"घरी मले बरी असल्यासारखं रहा लागते," वैष्णवी म्हणाली.

ती रागाने बोलली नव्हती. बसची वेळ सांगावी तशा आवाजात बोलली होती. अमरने दोन तिकिटं ढाणकीकडची काढली. वाटेत दिग्रस लागलं. बस स्टँडवर थांबली, ओळखीचा पानठेला, ओळखीची माणसं, कोणी अमरला हात केला. बाप आणि लेक आपल्याच गावात आपल्या जागेवर बसून राहिले, आणि बस पुढे निघाली.

विमलताईने काही विचारलं नाही. भाचीला पाहिलं, तिच्या डोक्यात तेल घातलं, गुंता सोडवत बसली. निघताना मात्र ती अमरला फाटकापर्यंत सोडायला आली. "अमर, तूबी लहानपणी लय रडका होता," ती म्हणाली. "आपला बाप मारे तुले त्याच्यासाठी. आठवते का?" अमरला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, पण त्याने ते कधी बाहेर काढलं नव्हतं.

दिग्रसला परत आल्यावर त्याने अकादमीच्या खोलीतला फोटो काढून ठेवला. पोरांनी विचारलं तर काच तडकली म्हणून सांगितलं. मग एक दिवस त्याच्या मनाने घेतलं की आपण पोरांशी बोललं पाहिजे. धावणं झाल्यावर त्याने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाला, "कोणाले काही त्रास असंन, मनात काही असंन, तं सांगा. मोकळं बोला."

कोणी बोललं नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांनी पाठी ताठ केल्या, डोळे कोरडे ठेवले. शेवटी एक पोरगी घाबरत म्हणाली, "सर, आमची काही चूक झाली का?"

अमरने त्यांना घरी पाठवलं. ही त्यांची परीक्षाच आहे, असं त्यांना वाटलं होतं. जो बोलेल तो कच्चा ठरणार. त्यांची समजूत चुकीची नव्हती. ती त्यानेच घालून दिली होती.

संक्रांतीनंतर तो पुन्हा ढाणकीला गेला. तूर घरात आली होती. अंगणात ताडपत्रीवर ढीग होता, आणि वैष्णवी सुपात तूर घेऊन खडे निवडत बसली होती. अंगावर थोडं मांस चढलं होतं. विमलताई चहा ठेवायला आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. अमर ताडपत्रीच्या कडेला बसला. त्यानेही मूठभर तूर समोर ओढली.

"तू दिवाळीत काही सांगत होती," तो म्हणाला. "एक लहान पोरगी होती म्हणून. मी ऐकलं नाही."

वैष्णवीने सूप हलवायचं थांबवलं. सांगावं की नाही याचा विचार करत असावी. मग खाली बघतच बोलू लागली.

"चार-पाच वर्षांची असंन. तिले काही लागलं नव्हतं मोठं. मी उचलून घेतलं तं तिनं माहं बोट धरलं. 'आई कुठी आहे' म्हणे. आई तिथीच होती, रस्त्याच्या बाजूले, चादर टाकलेली. मी तिचं तोंड दुसरीकडे केलं. म्हटलं, आई मागच्या गाडीत येऊन राह्यली. तू पुढं चाल. अन् बाबा, ती पटकन मानली. रडणं बंद केलं तिनं. शहाण्यासारखी बसली ॲम्ब्युलन्समध्ये. ते रडणं बंद केलं ना, तेच दिसत राहते मले."

अमरने हातातला खडा बाजूला टाकला.

"मंग मले आठवलं," वैष्णवी म्हणाली. "तुम्ही नागपूरहून फोन केलता. आई दोन दिवसांत येते, तू शाळा बुडवू नको. मी घर झाडून ठेवलं होतं. पलंगावरची चादर बदलली होती."

अंगणात कोंबड्या तुरीपाशी येत होत्या, त्यांना हाकलायला दोघांपैकी कोणी हात उचलला नाही.

"मले तेव्हा माहीत होतं," अमर म्हणाला. "डॉक्टरनं सकाळीच सांगितलं होतं. आता होत नाही म्हणे. ती तुहं नाव घेऊन राह्यली होती. मी म्हटलं, पोरीनं आईले अशा हालात कायले पाहावं. आणायला पायजे होतं मी तुले. भेटवायला पायजे होतं."

वैष्णवी म्हणाली, "हो. आणायला पायजे होतं."

"वैशू, मले..."

"आत्ता काही म्हणू नका बाबा. तुम्ही माफी मागितली की मले लगेच 'जाऊ द्या' म्हणावं लागते. मले नाही म्हणायचं आत्ता."

अमरने मान डोलावली. डोळ्यांत पाणी येईल असं त्याला वाटलं होतं. आलं असतं तर बरं झालं असतं. पण छातीत काहीतरी वर आलं आणि तिथेच अडलं. सवयच नव्हती. तो तुरीतले खडे निवडत राहिला. समोर वैष्णवी रडू लागली, आणि या वेळी तो उठून गेला नाही. एवढंच त्याला जमलं. विमलताई चहा घेऊन आली तेव्हा चहा केव्हाचा निवला होता, तिघांनी तो तसाच घेतला.

होळीच्या सुमारास वैष्णवी पुन्हा ड्यूटीवर गेली. साहेबांशी ती स्वतः बोलली. काही दिवस हायवे नको, ठाण्यात तक्रार घेऊन येणाऱ्या बायांचं काम द्या, असं मागून घेतलं. साहेब भले होते. दर महिन्याला ती यवतमाळला जाते. तिथून काय काय शिकून आली ते तिने विमलताईला सांगितलं, आणि विमलताईकडून ते अमरला कळलं. वाईट दिवस असला की एकटं राहायचं नाही. भूक नसली तरी दोन घास खायचे. छाती धडधडायला लागली की पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूला काय दिसतं ते पाहायचं. आणि तिचा व निशिगंधाचा एक नेम ठरला आहे: ड्यूटी सुटली की चहाच्या टपरीवर बसायचं आणि दिवसातलं सगळ्यात वाईट जे असेल ते एकमेकींना सांगून टाकायचं, रूमवर न्यायचं नाही. अगदी साधा नेम. अमरला वाटलं, एवढं तर दिवाळीत घरच्या अंगणात, चहा पिताना, आपल्यालाही करता आलं असतं. त्यासाठी कोणती अकादमी लागत नव्हती.

मैदान अजून चालू आहे. नवीन पोराचा पाणउतारा करणं त्याने सोडलं. सर मऊ पडले म्हणून काही आईबापांनी पोरं दुसरीकडे नेली. पावसाळ्यानंतर एक पोरगी थोडक्यात भरतीत हुकली आणि कुंपणाशी बसून हमसून हमसून रडली. अमर तिच्याजवळ गेला. काय बोलावं ते अजून त्याला येत नव्हतं. मातीतच बसला थोडं अंतर ठेवून. पोरीने घाबरून डोळे पुसायला घेतले, तर तो म्हणाला, "राहू दे." बाकीची पोरं लांबून बघत होती.

वैष्णवीचा फोन दर रविवारी येतो. जेवण, पाणी, निशिगंधाचं लग्न जमतंय, आत्याची म्हैस व्याली. पण परवा तो मधल्याच वारी आला, संध्याकाळी. अमरने आधी काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही बाबा," ती म्हणाली. "आज पुन्हा हायवेवर गेलती मी. मीच म्हटलं साहेबाले, जाते म्हणून. मोटरसायकलवाला होता एक. पोरगाच होता. नाही वाचला."

अमर फोन घेऊन ओसरीवर येऊन बसला. "हं," म्हणाला. 'मन घट्ट कर' ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

ती सांगत गेली. पोराच्या खिशात फोन वाजत होता, 'आई' असं नाव येत होतं, तो फोन तिने उचलला, आणि खरं तेच सांगितलं. सांगताना तिचा आवाज संथ होता. कुठे अडखळला नाही. अमर वाट पाहत राहिला, की आता आवाज फुटेल, आणि आपण या वेळी तिथे असू.

"मंग?" त्याने विचारलं. "आता कसं वाटून राह्यलं तुले?"

"आता बरं आहे. मघाशी लय रडली मी टपरीवर. निशिगंधा होती ना, तिले सांगितलं सारं. आत्यालेबी फोन केला. म्हटलं तुम्हालेबी सांगावं."

"हो," अमर म्हणाला. "बरं केलं."

त्याला बरं वाटलं, आणि तितकंच लागलंही. रडणं ज्यांच्याजवळ करायचं होतं त्यांच्याजवळ ते करून झालं होतं; त्याच्या वाट्याला पुसून कोरडी केलेली हकीकत आली होती. पण तिने फोन ठेवला नाही; तीच हकीकत तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, मधले काही राहिलेले तपशील घालून, आणि त्याने मध्ये एकदाही न बोलता ती शेवटपर्यंत ऐकली.